मिटलेलं प्रवाळ

जुन्नर, १० फेब्रुवारी २००८

दादा, जयभीम.

तुझा फोन नंबर बदलला आहे आणि कंपनीच्या ई-मेलवर आलेलं तुझा साहेबही वाचतो, असं हौशीरामभाऊ म्हणाले. म्हणून पत्र लिहिते. मस्कतचा पत्ता त्यांच्याकडूनच घेतला. तो घरी देऊ नका असं तू त्यांना सांगितलं होतंस का, हे मी विचारलं नाही.

विषय तुझ्या समुद्री माशांच्या टाकीचा आहे. मोठं प्रवाळ मिटलं आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या छत्रीवरचे तंतू आत गेले ते बाहेर आले नाहीत. एखाद-दुसरा दिवस असं पूर्वीही व्हायचं, पण तेव्हा छत्री ताठ असायची. आता कडा खाली वळल्या आहेत आणि रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला आहे. तू गेलास तेव्हा ते वाटीएवढं होतं. दोन वर्षांत ताटाएवढं झालं होतं, म्हणजे टाकीत मुळात काही बिघाड होता असं म्हणता येणार नाही. जे बिघडलं ते अलीकडे बिघडलं.

मोजमापं देते. तापमान सव्वीस. खारटपणा १.०२५, रोज तेवढाच. पीएच ८.२. अमोनिया नाही, नायट्रेट पाचच्या आत. दिवे तेच, वेळ तीच. लोडशेडिंग आहे, पण पंप इन्व्हर्टरवर टाकलेला आहे आणि तो बंद पडलेला नाही. दोन्ही मासे व्यवस्थित खातात. मीठ तू ठेवून गेलेल्या खोक्यांतलंच आहे. नवीन काहीही टाकीत घातलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. जाताना तू हौशीरामभाऊंना सांगितलंस की प्रवाळ जगतंय तोवर टाकी राहू दे, ते गेलं की सगळं उतरवून सामान तुम्ही न्या. ते शब्दाचे पक्के आहेत. प्रवाळ गेलं तर टाकी जाईल, आणि मग या घरातून तुला लिहिण्यासारखं कुणाकडे काही राहणार नाही. ही तक्रार नाही. परिस्थिती आहे तशी मांडली.

तुझ्या आणि बाबांच्या भांडणाबद्दल मला काही विचारायचं नाही. प्रवाळाला काय झालं असावं आणि मी काय करावं, एवढंच कळव.

आई बरी आहे. बाबांचा रक्तदाब गोळीवर ठीक राहतो. त्यांची खुर्ची बाहेरच्या खोलीत टाकीकडे पाठ करून असते, तशीच अजून आहे. मी मंचरच्या प्रयोगशाळेतच आहे, माती आणि पाणी तपासते.

प्रज्ञा


जुन्नर, २ मार्च २००८

दादा,

पत्र मिळालं. तीन ओळी आहेत आणि चौथी खोडलेली आहे. खोडलेलं वाचायचा मी प्रयत्न केला नाही.

तू लिहिलंस त्याप्रमाणे ते कात टाकतंय हे बरोबर निघालं. छत्रीवर मेणासारखा पातळ पापुद्रा आला. आई त्याला पहिल्यापासून अळंबीच म्हणते. ती म्हणाली, "अळंबीला दुधावानी साय आलीय, काढून टाकू का?" मी हात लावू नको म्हटलं. पंपाचं तोंड तिकडे वळवलं, पापुद्रा दोन-तीन दिवसांत सुटून गेला. खाली नवी कातडी दिसली. पण तंतू आले नाहीत. तू म्हणालास थांब, म्हणून थांबले आहे. थांबणं हा उपाय मला आवडत नाही, पण प्रवाळ तुझा विषय आहे, माझा नाही.

एक चांगली गोष्ट झाली आहे. जानेवारीत मी टाकीवर नव्या काचा बसवल्या, तेव्हापासून पाणी वाफ होऊन फारच कमी उडतं. उडालेलं पाणी आपोआप भरून काढायला बाजूला जो डबा आहे, तो पूर्वी दोन-तीन दिवसांत रिकामा व्हायचा, आता आठवडाभर पुरतो. हौशीरामभाऊंचा आरओचा कॅन अर्धा तसाच पडून आहे. ते अजूनही दर आठवड्याला नारायणगावच्या जारवाल्याकडून पाणी आणतात, टोमॅटोच्या पिकअपमधून. परवा आले तेव्हा बाबांना म्हणाले, "काय आबा, तुमचा समुंदर काय म्हणतोय?"

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुमच्या मित्राचा आहे. मला काय विचारता?"

"आवो पण घर तुमचं हाय ना. समुंदर बी तुमच्याच गोठ्यात बांधलेला."

बाबा हसले नाहीत, पण आतून आईचं हसणं ऐकू आलं.

आईने काही लिहायला सांगितलं आहे. ते तिच्याच शब्दांत: "बापानं एक शब्द टाकला म्हणून दोन वर्सं तोंड न्हाई दाखवायचं, हे कुठलं शहाणपण? आन् मी काय बोलले व्हते? माझ्याशी का बोलत न्हाई?" तिला मी म्हटलं की शब्द एक नव्हता. ती म्हणाली, मोजत बसू नको.

लोकांच्या घरची घाण उपसायला तुला बी.एस्सी. केलं का, हे बाबांचं वाक्य मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. पणजोबा गावाची मेलेली जनावरं ओढायचे. आजोबांनी छप्पनमध्ये दीक्षा घेतली, ते काम सोडलं आणि गावही सोडलं. बाबा कचेरीत कारकून झाले. मस्कतच्या बंगल्यांतल्या टाक्या घासायला तू निघालास, तेव्हा त्यांना वाटलं की तीन पिढ्या जी वाट चढून आलो ती तू उतरायला लागलास. हे तुला माहीत आहे. त्यांच्या मनात काय होतं हे माहीत असूनही तू जे उलट बोललास, तेही मी ऐकलं होतं. पण ते या पत्राचं काम नाही.

प्रवाळाचा फोटो सोबत आहे. बुंध्याकडची डावी बाजू नीट बघ. मला ती गडद वाटते.

प्रज्ञा


जुन्नर, २३ मार्च २००८

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही तरी लिहिते, कारण आता थांबता येणार नाही.

टाकीतल्या गोगलगाई मेल्या. एकदम नाही, एकेक करून काचेवरून सुटून खाली वाळूत पडल्या. मग तुझी लाल-पांढरी कोळंबी गेली. तिने कवच टाकलं आणि त्याच दिवशी त्या कवचाशेजारी आडवी पडली. प्रवाळाच्या बुंध्याची डावी बाजू आता खरोखर काळी आहे आणि बोट लावलं तर दबते. मासे मात्र पूर्वीइतकेच उड्या मारत खायला येतात.

मासे ठणठणीत आणि बाकी सगळं मरतंय, या एका गोष्टीवर मी दोन दिवस विचार केला. पाण्यातला प्राणवायू कमी झाला असता तर मासे आधी तडफडले असते. माशांना जे सोसतं आणि गोगलगाईला, कोळंबीला, प्रवाळाला सोसत नाही, असं पहिलं नाव तांब्याचं आहे. घरच्या किटमध्ये तांब्याची चाचणी नव्हती, म्हणून आपण ती कधी केलीच नाही. टाकीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. साहेबांना विचारून, माझा खाजगी नमुना म्हणून लावलं. खाऱ्या पाण्यात आकडा फसवू शकतो, म्हणून तीनदा केलं. लिटरला ०.०९ मिलिग्रॅम. माणसाला याने काही होत नाही. गोगलगाईला एवढं पुरतं.

आता प्रश्न एवढाच की तांबं आलं कुठून. तुझ्या पंपांत तांब्याचा भाग नाही, मी उघडून पाहिले. वायर कुठे सोललेली नाही. बाहेरून या टाकीत दोनच गोष्टी येतात, मीठ आणि पाणी. मीठ तपासलं, त्यात नाही. पाणी हौशीरामभाऊ आणतात. आणि त्यांची द्राक्षबाग आहे, बागेवर मोरचुदाची फवारणी होते, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ.

शुक्रवारी ते आले तेव्हा मी विचारलं, "भाऊ, हा कॅन आधी कशाला वापरला होता?"

"ह्यो? नवा हाय. जारवाल्याचा."

"बागेत मोरचूद कशात भिजवता?"

"निळ्या ड्रमात. का?"

"ड्रममधून काढायला काय वापरता? हाच कॅन कधी वापरला नाही ना? गड्याने, घाईत?"

तेव्हा त्यांना माझा रोख कळला. कॅन खाली ठेवला आणि म्हणाले, "प्रज्ञाताई, तू आता मला ह्या अळंबीचा खुनी ठरवतीस का?"

"कुणाला ठरवत नाही. तांबं शोधतेय."

"तांबं शोधायचं तर पेठंत जा की, भांड्यांच्या दुकानात. माझ्या पिकअपमधी टमाटी असत्यात." आणि बाबांकडे वळून, "आबा, पोरगी शिकवली लई चांगलं केलं, पण दोन वर्सं पानी वाहिलं त्याची ही मजुरी हाय बघा."

हौशीरामभाऊ चहा न घेता गेले. आईने मला संध्याकाळपर्यंत ऐकवलं. मी त्यांच्या कॅनमधलं पाणी बाटलीत भरून ठेवलं आहे. उद्या लावीन.

टाकीतलं तिसऱ्या हिश्शाचं पाणी बदललं, कोळशाची पिशवी नवीन घातली. उपाय म्हणून हे बरोबर आहे. पण तांबं येतच राहिलं तर याचा काही उपयोग नाही.

प्रज्ञा


जुन्नर, ३० मार्च २००८

दादा,

हौशीरामभाऊंच्या पाण्यात तांबं नाही. शून्य. मी फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू दे, पानी आणू का नको तेवढं सांग." आणा म्हटलं.

त्यानंतर मी माझ्याच नोंदी पुन्हा वाचल्या आणि त्यात एक चूक सापडली. चूक आकड्यांची नव्हती, मी त्यांचा जो अर्थ लावला त्याची होती. बाजूच्या डब्यातलं पाणी कमी होत नाही म्हणून मी तुला आनंदाने लिहिलं की नव्या काचांमुळे पाणी उडत नाही. मार्चच्या उन्हात, पस्तीस अंशांत, चार फुटी टाकीतलं पाणी उडत नाही हे शक्य नाही. ते उडत होतंच. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणजे डब्यातून भर पडत नसेल तर खारटपणा वाढायला हवा होता. तो वाढला नाही. याचा अर्थ दुसरं कुणीतरी रोज टाकीत गोडं पाणी घालत होतं.

गुरुवारी रजा टाकली, पण घरी सांगितलं नाही. नेहमीच्या वेळी निघाले, एसटी स्टँडवर बसून पेपर वाचला आणि मागच्या दाराने परत आले. आई मोरीपाशी भांडी घासत होती.

"गाडी चुकली व्हय?"

"नाही."

"मग आत नको जाऊ आत्ता. थांब हितं."

"का?"

"त्यांचं पानी घालायचं चाललंय. कुणी बघितलेलं आवडत न्हाई त्यांना."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. टाकीवरची एक काच सरकवून भिंतीला टेकवली होती. डाव्या हाताची बोटं पसरून पाण्यावर धरली होती आणि उजव्या हातातल्या तांब्याने त्या बोटांवर पाणी सोडत होते, म्हणजे धार जोरात पडू नये, मासे दचकू नयेत. शेजारी स्टुलावर आपला हंडा होता. तांब्या रिता झाला की ते हंड्यातून भरून घेत होते. मग वाकून त्यांनी काचेला नाक लागेल इतक्या जवळून प्रवाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, उघड की आता."

त्यांचा तो आवाज मी लहानपणी ऐकला असेल. नक्की आठवत नाही.

आईला परसात नेऊन विचारलं. ती म्हणाली, "थंडीत एकदा सबंध दिस लाईट नव्हती. तू कामावर. पानी खाली गेलेलं दिसलं त्यांना. तवापासून घालत्यात."

"डब्यात पाणी भरलेलं असतं की."

"त्याला प्लास्टिकचं शिळं पानी म्हणत्यात. पोराच्या जितराबाला शिळं कशाला, म्हणले. नळाचं उकळत्यात, फडक्यानं गाळत्यात, रातभर हंड्यात ठेवत्यात. मी रोज चिंच लावून घासून देते हंडा. आतून कसा लख्ख हाय बघ."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगू नको म्हणले. तू त्याला लिहिशील म्हणून."

तो हंडा कुठला ते तुला सांगायला नको. आजोबांनी जुन्नरला आल्यावर घेतलेलं ते पहिलं भांडं. गावात त्यांना पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, इथे ते स्वतःचा हंडा घेऊन सगळ्यांच्या नळावर रांगेत उभे राहिले. घरात पाहुणा आला की आपल्याकडे आधी त्यातलं पाणी देतात. बाबांना त्याच्यापेक्षा चांगलं पाणी माहीत नाही.

चिंचेने घासून तांबं उघडं पडलेल्या त्या हंड्यात रात्रभर राहिलेलं पाणी मी तपासलं. लिटरला ०.६. रोज तीन-चार लिटर, थंडीपासून.

मी त्यांना सांगितलेलं नाही. हंडा बुडाला गळतोय, दुरुस्तीला द्यायला हवा, असं म्हणून माळ्यावर टाकला आहे. टाकीत तांबं येणं आजपासून बंद झालं. कारण सांगणं गरजेचं आहे का, हे मला ठरवता येत नाही. तपासणीचा अनुभव मला आहे, पण ही तपासणी वेगळी आहे.

आणि तुझी ती खोडलेली ओळ मी उजेडात धरून पाहिली होती. वाचता आली नाही.

प्रज्ञा


जुन्नर, १५ एप्रिल २००८

दादा,

तुझं चार पानी पत्र मिळालं. पहिल्यांदाच तू टाकी सोडून काही लिहिलं आहेस. त्यातला बाबांबद्दलचा भाग मी वाचला, त्यांना दाखवलेला नाही. तसं तूच लिहिलंस. 'त्यांना सांगू नकोस, कधीच' असंही लिहिलंस. पण ते पत्र पोचायच्या आधीच सगळं झालं होतं.

बाबांनी मला न विचारता हंडा माळ्यावरून काढला आणि पेठेत भांडीवाल्याकडे नेला. त्याने पाणी भरून ठेवलं आणि दुपारी परत दिला. मी कामावरून आले तेव्हा हंडा खोलीच्या मधोमध ठेवलेला होता आणि बाबा शेजारी बसले होते.

"एक थेंब गळत नाही म्हणतो. माझ्यासमोर दाखवलं त्याने. खोटं कशाला बोललीस?"

त्यावर दुसरं खोटं सुचलं नाही. मी सांगितलं. चाचणीच्या भाषेत सांगितलं, कारण मला दुसऱ्या भाषेत ते बोलता आलं नसतं.

ते पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "किती?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्याने?"

"एवढ्याने."

"माझ्या बापाने या हंड्यातलं पाणी हजार माणसांना दिलं. कुणाला काही झालं नाही."

"माणसांना होत नाही, बाबा."

आई मध्ये पडली. "घासत तर मीच व्हते. मला बोल काय बोलायचं ते."

"तू गप," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "त्याला कळवलंस?"

मी हो म्हटलं. ते उठले, हंडा उचलून आत ठेवला आणि टाकीवरची काच जी त्यांनी सकाळी सरकवली होती ती नीट बसवली. त्यानंतर ते टाकीच्या बाजूला फिरकले नाहीत. खुर्ची त्यांनी ओसरीवर नेली. जेवायलाही तिथेच बसू लागले. आई म्हणाली, खरं सांगून काय मिळवलंस? प्रवाळाचा काळा भाग तोवर छत्रीपर्यंत चढला होता.

कापायचं कसं ते तू लिहिलंस. घाबरू नकोस, ते रबरासारखं असतं, निरोगी भागातूनच काप, एक घाव, मागेपुढे करू नकोस. जुन्या टाकीत परत ठेवू नकोस, दगडांनी तांबं शोषलंय ते महिनोन्महिने सोडत राहतील. नवीन पाणी, वेगळी टाकी. आणि दोन माणसं लागतील, एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं.

काल चौदा एप्रिल, मला सुट्टी. दुसरा माणूस म्हणून हौशीरामभाऊंना बोलावलं होतं. ते बारापर्यंत आले नाहीत, पिकअप आळेफाट्यावर बंद पडली होती. मी प्रवाळ परातीत काढून ठेवलं होतं, जास्त वेळ ठेवता येणार नव्हतं. कापलं. तुझं बरोबर आहे, रबरासारखंच असतं. आत पांढरं होतं. चांगल्या भागाचे तीन तुकडे निघाले. त्यांना डिंक चिकटत नाही, बुळबुळीत शेंबूड सुटतो आणि घसरतात. तू सांगितल्याप्रमाणे मच्छरदाणीची जाळी कापून दगडावर बांधायची होती. एका हाताने ते होईना. आईला बोलावलं, तिने वासानेच पदर नाकाला लावला आणि ओकारी आली म्हणून परसात गेली.

बाबा बुद्धविहारातून आले होते. पांढरा सदरा, खिशाला निळी फीत. दारात उभे राहून थोडा वेळ बघत होते. मी त्यांना बोलावलं नाही. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर घेतल्या, खाली बसले आणि म्हणाले, "कुठे धरू?"

"दोन बोटांनी. दाबू नका."

त्यांनी धरलं. शेंबूड त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत आला, सदऱ्यावर पडला. तीनही तुकडे बांधून होईपर्यंत ते हलले नाहीत. मधे एकदा विचारलं, "हे रोज असं करावं लागतं का त्याला?"

मी म्हटलं, कापणं नाही, पण टाक्यांची साफसफाई रोज.

"किती टाक्या?"

"मला माहीत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तो म्हणाला होता, तुम्ही आयुष्यभर साहेबांचे कप उचललेत." तुकड्यावरून नजर न काढता, "उचललेच होते."

तुझं ते वाक्य मी दोन वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही. ते त्यांनी स्वतःच काढलं. मी गाठ मारत होते.

तुकडे छोट्या टाकीत आहेत. जगतील की नाही ते सांगता येत नाही.

प्रज्ञा


जुन्नर, २५ मे २००८

दादा,

आधी वाईट ते. जुना बुंधा गेला. एके दिवशी हात लावल्यावर विरघळलाच, टाकी ढवळून निघाली. मासे दुसरीकडे हलवायला लागले. मोठ्या टाकीतलं तांबं अजून ०.०२ आहे, त्याखाली जात नाही. तीनपैकी एक तुकडा आठवड्यातच कुजला, तो काढून टाकला. दुसरा जाळीतून निसटून पंपाला लागला आणि फाटला. तो जिवंत आहे एवढंच म्हणता येईल.

तिसरा दगडाला धरला आहे. जाळी काढली तरी सुटला नाही. मंगळवारी त्याच्या कडेला तंतू दिसले. मी भिंगाने मोजले नाहीत, पण प्रत्येकाच्या टोकाला आठ पाकळ्या आहेत, म्हणजे पूर्ण उघडले आहेत. आकार माझ्या अंगठ्याएवढा. याला मी बरं झालं म्हणणार नाही. मे संपायचा आहे, लोडशेडिंग वाढलं आहे, आणि एवढ्या लहान टाकीत एक चूक पुरेशी असते.

हौशीरामभाऊ बघून गेले. म्हणाले, "मग सामान न्यायचं न्हाई तर." मी म्हटलं नाही. "बरं झालं राव, ठेवायला जागा कुठंय," असं म्हणून दोन कॅन उतरवले. या वेळी चहा घेतला.

छोट्या टाकीचं पाणी दर रविवारी बदलावं लागतं. ते आता बाबा करतात. मी मीठ कसं मोजायचं ते एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवू दिलं नाही. कचेरीत मोजणीचे नकाशे तपासायचे तसे चष्मा लावून काटा बघतात. तळाशी साचलेलं नळीने ओढून बादलीत घेतात, बादली परसात ओततात, काच आतून बोटानेच पुसतात. आई नाक मुरडते. म्हणते, "ह्या वयात कसला नाद लागला." ते म्हणतात, तू बघू नको.

तुझ्या चार पानी पत्रातला तो भाग मी त्यांना अजून दाखवलेला नाही. त्यांनी विचारलेलंही नाही. मागच्या पत्रावर तुझं उत्तर आलेलं नाही, त्याचा अर्थ मी लावत नाही. आकड्यांचा अर्थ लावताना एकदा चुकले आहे.

आज सकाळचं एक काम तेवढं आहे. मी हे पत्र लिहायला बसले तेव्हा बाबा बादली धुऊन आत आले. हाताचा वास घेतला. पुन्हा साबण लावून आले, पुन्हा वास घेतला. मग माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "त्याला लिहितेयस ना? मग एक विचार. या कामाचा वास हाताला राहतो. तो जातो कशाने? तो रोज करतो, त्याला माहीत असेल."

मला माहीत आहे. लिंबाची फोड मिठात बुडवून चोळली की जातो. मी त्यांना सांगितलेलं नाही.

उत्तर माझ्या नावावर पाठवू नकोस.

प्रज्ञा